गुडघ्याची पाणीपातळी आणि तिसरी घंटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘खळखळून हसा, सांधेदुखी पळवा’ हा लेख वाचला. लेखासोबत बागेत हात वर करून हसणाऱ्या ज्येष्ठांचा फोटो होता आणि त्याच पानाच्या तळाला सात दिवसांत गुडघे मोकळे करून देणाऱ्या तेलाची जाहिरात. दोन्ही मजकूर मी चष्मा पुसून वाचले. लेखातलं निम्मं पटलं. जाहिरातीतलं पटायचा प्रश्नच नव्हता. पण हसण्याचा आणि गुडघ्याचा नेमका संबंध काय, ते या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत राहून गेलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्याकडे आहेच.

मी डॉक्टर नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेला, सांगलीच्या गावभागात राहणारा माणूस. नोकरी मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून केली. संध्याकाळनंतर प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत पुस्तक घेऊन बसून नटांना अडलेली वाक्यं पुरवणारा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे मराठी नाटकाचा पहिला खेळ केला आणि सांगली नाट्यपंढरी झाली, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. त्या पंढरीत माझी सेवा विंगेतल्या अंधारात रुजू झाली. दिवसभर गादीवर मांडी घालून खतावणी लिहायची आणि रात्री तीन अंक विंगेत उकिडवं बसायचं. स्टूल मिळायचं, नाही असं नाही. पण स्टुलावर बसलं की पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या प्रेक्षकाला माझं टक्कल दिसतं, अशी दिग्दर्शकाची तक्रार. तेव्हा टक्कल झाकण्यापायी गुडघे खर्ची पडले. आता दोन्ही उघड्यावर आहेत.

त्या जागेवरून हशा मात्र जवळून कळतो. विंगेतून प्रेक्षक दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. तेच वाक्य, तोच नट, तोच सूर. नाट्यगृह भरलेलं असलं तर पत्रे हलतात आणि निम्म्या खुर्च्या मोकळ्या असल्या तर कुठेतरी एकजण खाकरतो. नट म्हणतो, आजचा प्रेक्षक मठ्ठ होता. मठ्ठ नसतो हो. हसू शेजारच्याकडून शेजारच्याकडे जातं; मध्ये चार खुर्च्या रिकाम्या आल्या की तिथेच थांबतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुडघ्याचा आणि हशाचा माझा पहिला थेट संबंधही विंगेतच आला. एका शोकांतिकेचा शेवट चालला होता. नायक मरून पडलेला, नायिका त्याच्याकडे बघत उभी, प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या. मी हळूच पाय सरळ केला आणि गुडघ्यानं असा कडाका दिला की तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. मेलेल्या नायकानं ओठ आवळले, पण पोट त्याच्या ताब्यात राहिलं नाही, ते गदगदायला लागलं. नायिका तयारीची. तिनं धावत जाऊन त्या पोटावर अंग टाकलं आणि हंबरडा फोडला. काय टाळ्या पडल्या म्हणता! स्पर्धेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर गुडघ्याचा उल्लेख नव्हता.

(सांधा नुसता वाजतो, दुखत नाही, सुजतही नाही, तर त्या आवाजाची काळजी करू नये असं डॉक्टर सांगतात. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर त्या रात्रीपासून कितीतरी लसणीचं तेल वाचलं असतं आणि सौ.ला खोलीच्या खिडक्या उघड्या टाकून झोपावं लागलं नसतं.)

आता आमराईतल्या आमच्या कट्ट्याकडे येतो. सकाळी जमणारे सगळे एकाच दुखण्याचे. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. तासगावकडचे द्राक्षबागायतदार आबा आहेत, मुलाकडे राहायला आलेले. एक शाळेच्या बाई आहेत, अजून कुणी पाय ओढत चाललं की ‘पाय उचला’ म्हणून ओरडतात. मिरजेचे एक सतारमेकर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा आम्ही त्यांचं अभिनंदन केलं, तर म्हणाले, “मानांकन सतारीला मिळालं. मांडी माझी मोडली, तिचं काय?” आणि आमची सौ., जिचे दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा जास्त झिजलेत आणि जी माझ्यापेक्षा कमी कण्हते.

डॉक्टरांकडे गेलं की ते विचारतात, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? हे गणित आमच्यात कुणालाच जमत नसे. आबा दर वेळी छातीठोकपणे ‘दहा’ सांगायचे, कारण कमी सांगितलं तर औषध पातळ देतील. सौ. ‘दोन’च्या वर जायची नाही, कारण जास्त सांगितलं तर ऑपरेशन काढतील. शेवटी पोस्टमास्तरांनी तोडगा काढला. म्हणाले, सांगलीच्या माणसाला एकच मोजपट्टी कळते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात त्या पाणीपातळीची. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. त्यावर सांगा.

तेव्हापासून आमराईत रोज सकाळी पातळ्या जाहीर होतात.

“बाई, आज किती?”
“अडतीस.”
“काल तर तीस होतं. विसर्ग कुठून झाला?”
“लेकीकडे गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट बंद.”
“आबा?”
“त्रेचाळीस. पाणी चढतंय बघा. रातच्याला कूस बदलताना लई कळ आली.”

पंचेचाळीस म्हटलं की त्या माणसाला बाकावर बसवायचं, चहा त्याच्याकडे न्यायचा आणि त्याच्या घरी फोन करायचा. सत्तावन्न हा आकडा कुणी उच्चारायचा नाही, असा नियम आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी तिथवर गेलं होतं आणि तेव्हाच्या आठवणी कुणाच्याच विनोदाच्या नाहीत. आणि गुडघा सुजला तर त्याला आमच्यात ‘अलमट्टीचा फुगवटा’ म्हणतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी मागे तुंबून सांगलीत पूर वाढतो का, या फुगवट्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, गुडघ्याच्या फुगवट्यावर नाहीत. सांधा सुजून गरम झाला, लाल दिसला, सोबत ताप आला किंवा सकाळचा ताठरपणा तासभर उलटला तरी सुटेना, तर ती नुसती वयाची झीज नसू शकते. तिथे आम्ही हसणं बाजूला ठेवतो आणि माणसाला रिक्षात घालून मिरजेच्या दवाखान्यात धाडतो.

आबांनी एकदा तपासायला गेल्यावर सवयीनं ‘बेचाळीस’ सांगितलं. डॉक्टर गडबडले. खुलासा केल्यावर हसले आणि केसपेपरवर ‘४२ फूट (आयर्विन)’ असं लिहून ठेवलं. पुढच्या खेपेला ‘३६’. डॉक्टर म्हणाले, तुमच्या शून्य ते दहापेक्षा याच्यावरून मला जास्त कळतं, कारण यात तुम्ही खोटं बोलत नाही.

संपादक महाराज, आपल्या लेखात जे यायला हवं होतं ते इथे आहे. ‘गुडघा दुखतोय’ हे वाक्य घरात रोज म्हटलं की ते भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं होतं, कुणाला ऐकूच येत नाही. सुनेचा दोष नाही, मुलाचा नाही. तेच ते वाक्य तिसऱ्या प्रयोगाला मलाही ऐकू येत नसे आणि मी तर पुस्तक हातात घेऊन बसलेला असे. पण ‘आज आयर्विन बेचाळीसवर’ म्हटलं की नातू मोबाइलमधून मान वर काढतो आणि विचारतो, “आजोबा, विसर्ग किती?” तक्रार तीच. फक्त तिला ऐकणारा मिळाला. दुखण्यावर हसणं म्हणजे दुखणं नाकारणं नव्हे, ते दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायची ती एक रीत आहे.

सौ.ला ही रीत उपजत आहे. २०१९ च्या पुरात आम्ही माडीवर अडकलो होतो. बोट खिडकीखाली आली, एका जवानानं तिला अलगद उचलून बोटीत घेतलं. शेजारच्या काकू भीतीनं रडत होत्या. ही त्या जवानाला म्हणाली, “सावकाश रे बाळा, जुना माल आहे. मोडला तर बदली मिळत नाही.” त्याला मराठी येत होतं की नाही कोण जाणे, पण काकू रडता रडता हसल्या.

तसं पाहिलं तर बदली मिळते. गुडघ्याचा सांधा बदलायची शस्त्रक्रिया आता मिरज-सांगलीत नवलाईची राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी. अर्थात तो फक्त सांध्याचा भाव. बसवणावळ वेगळी. पोस्टमास्तरांनी एक गुडघा बदलून घेतलाय आणि कट्ट्यावर आता ते दोन आकडे सांगतात, डावा नवा धरणाखालचा, उजवा जुना नदीकाठचा.

आता हसण्याच्या औषधी गुणाबद्दल. या गोष्टीची सुरुवात आपल्याच धंद्यातल्या माणसानं केली, हे लेखात यायला हरकत नव्हती. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकेतले एक संपादक. १९६४ साली त्यांना मणक्याच्या सांध्यांचा दाहक विकार झाल्याचं निदान झालं. अंग हलवता येईना. गृहस्थ रुग्णालयातून उठून हॉटेलात राहायला गेले (ते स्वस्तही पडलं म्हणे) आणि तिथे विनोदी चित्रफिती लावून हसत सुटले. दहा मिनिटं पोट धरून हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं. तेव्हापासून जो तो त्यांचा दाखला देतो. पण हा एका माणसाचा अनुभव, तोही क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत असताना आलेला, आणि त्यांचा आजार आमच्या म्हातारपणच्या झिजेचा नव्हता. दाखला द्यावा, पण एवढं सांगून द्यावा.

आपल्याकडची हास्यक्लबं सुरू झाली ती १३ मार्च १९९५ रोजी, मुंबईच्या एका बागेत. डॉ. मदन कटारिया आणि त्यांच्यासह जेमतेम पाच माणसं. सुरुवातीला ते रोज एकमेकांना विनोद सांगत. पंधरवड्यात विनोद संपले, आणि उरले ते कुणाला ना कुणाला लागणारे. मग डॉक्टरांनी विनोदाविनाच हसायचं ठरवलं. नाटकवाल्यांना यात नवल नाही. चांगला विनोद पंधरा दिवस पुरत नाही, म्हणून तर प्रयोगाला प्रेक्षक बदलावे लागतात. आमच्या बाईंना ते हात वर करून ‘हो हो हा हा’ करणं आवडतं. श्वास मोकळा होतो, खांदे सुटतात म्हणतात, आणि ते खरंच असावं. मला ते जमत नाही. जन्मभर दुसऱ्याला वाक्यं पुरवली, पण हशा कुणाला पुरवता येत नाही असं माझं मत झालंय. मात्र बाईंना ते करताना बघून मला जे हसू येतं ते अस्सल असतं, तेव्हा माझाही फायदा होतोच.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विनोदी फिती दाखवायच्या आणि आधी-नंतर वेदना किती सोसवते ते मोजायचं. हाताला गोठवलेली गार पिशवी लावत, किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळत. हसून झाल्यावर माणसं जास्त सोसत होती. पण मला त्यातला आवडलेला भाग पुढचाच आहे. ही मंडळी एडिंबराच्या नाट्यमहोत्सवातही गेली आणि प्रेक्षकांना खेळाआधी व खेळानंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं, गुडघे काटकोनात वाकवून उभं केलं. कोण किती वेळ टिकतो बघितलं. विनोदी कार्यक्रम बघून आलेले आधीपेक्षा जास्त वेळ टिकले. गंभीर नाटक बघून आलेले तसे टिकले नाहीत. म्हणजे प्रॉम्प्टरच्या गुडघ्याचं शास्त्र त्यांनी चव्हाट्यावर आणलं! मी शोकांतिकेच्याच विंगेत जास्त बसलो, हा माझा योग. (आपल्या वयाच्या कुणी हा प्रयोग घरी करून बघू नये. खाली बसाल, वर कोण घेणार?)

त्यात आणखी एक निघालं, चारचौघांत बसून बघणारा एकट्यानं बघणाऱ्यापेक्षा जास्त हसतो. हे विंगेत बसणाऱ्याला सांगायला नको. म्हणूनच मोबाइलवर एकट्यानं विनोद वाचून नाकातून हवा सोडणाऱ्याला मी हसणारा धरत नाही. शिवाय ते विनोद बहुतेक म्हाताऱ्यांवरच असतात, कवळीवरचे, विसरण्यावरचे. आमच्या कट्ट्यावर त्याला बंदी नाही, पण अट आहे. ज्याचा गुडघा त्यानं पहिला विनोद करायचा, मग इतरांनी.

एवढं करून हसण्यानं झिजलेला सांधा भरून येतो का? नाही. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण तिच्यात झिरपायला सांधा दाबला जाऊन सुटावा लागतो. म्हणजे हलावा लागतो. दुखतो म्हणून पाय जवळ घेऊन बसलेल्याचा गुडघा उपाशी राहतो आणि मांडीचे स्नायू वाळत जातात, की गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. वजनाचंही तसंच. अंगातलं एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. हे ऐकल्यावर आबांनी हातातली भडंगाची पुडी माझ्याकडे दिली. म्हणाले, “धरा, चार किलो तुमच्याकडं.”

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला साधा व्यायाम आम्ही सगळे करतो. बाकावर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळून दहा आकडे धरायचा, सोडायचा, मग दुसरा. आकडे मोजताना सगळ्यांची घाई होते, दहाच्या जागी सातलाच पाय खाली. म्हणून आकडे बंद केले. आता मी जुन्या नाटकांतली पल्लेदार वाक्यं म्हणतो, आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत पाय खाली आणायचा नाही. संगीत नाटकांच्या काळातले संवाद या कामाला उत्तम, क्रियापद येता येत नाही. सतारमेकर ओरडतात, “अहो, क्रियापद आणा!” त्यात एकाला हसू फुटलं की ओळीनं सगळ्यांचे पाय खाली येतात आणि बाई पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. म्हणून विनोद व्यायामानंतर, असा आता दंडक आहे. औषध म्हणाल तर हे आहे. पहाटे थंडीत, दुखऱ्या गुडघ्यानं, कुणी नुसत्या व्यायामासाठी अंथरुणातून उठणार नाही. आबा काल काय बोलले आणि आज काय बोलतील, यासाठी उठतो. हसणं तेवढं काम करतं, घराचा उंबरा ओलांडायला लावतं. पुढचं काम पायांनाच करावं लागतं.

काठीबद्दल नटमंडळींना उद्देशून थोडं. मराठी रंगभूमीवरचा म्हातारा मी जितका जवळून पाहिला तितका कुणी पाहिला नसेल. तो नेहमी दुखऱ्या पायाच्या बाजूलाच काठी धरतो. चूक. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि दुखरा पाय व काठी बरोबरीनं पुढे. पोस्टमास्तरांना हे शस्त्रक्रियेनंतर शिकवलं. त्याआधी ते बरीच वर्षं रंगभूमीवरच्या म्हाताऱ्यासारखे चालत होते आणि आम्हाला ते फार खरं वाटत होतं.

राहिली औषधं. सांधेदुखीच्या तेलांचं, चूर्णांचं आणि पट्ट्यांचं नुसतं पेव फुटलंय. तेलानं नुकसान फारसं नाही, चोळणाऱ्याचा हात फिरतो तेवढं बरं वाटतं. पण बिनलेबलाच्या पुड्या भयंकर. दोन दिवसांत माणूस धावायला लागला तर त्याच्या आनंदात सामील होण्याआधी पुडी तपासून घ्यावी, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच, दुकानातून आपल्या मनानं आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या की पोट, रक्तदाब, मूत्रपिंड सगळीकडे बिल येतं. डायक्लोफेनॅक हे त्यातलंच एक वेदनाशामक; ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांना ते औषध देण्यावर बंदी आली. हे वाचून दाखवल्यावर आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी एवढ्या गोळ्या खाल्ल्यात, गिधाड आलंच तर लांबूनच नमस्कार करून जाईल.” पण त्या दिवशी ते डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या कमी करून आले.

आणि हळद. मी हळदीच्या पेठेतला, त्यामुळे लोक अजून मला रस्त्यात थांबवून लेपासाठी ‘अस्सल राजापुरी’ मागतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळाल्यापासून तर जास्तच. हळदीनं ज्या व्यवहारात माझं घर चाललं त्याची निंदा करणार नाही. लेप कोमट असतो, ऊब लागते, बरं वाटतं, लावावा. पण हळदीत ज्या कर्क्युमिनचं कौतुक होतं ते शंभर ग्रॅममागे साधारण तीनच ग्रॅम असतं, आणि नुसतं पोटात घेतलं तर अंगी फार थोडं लागतं. त्याच्या तयार कॅप्सूल मिळतात. रक्त पातळ करायचं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. लेपाचा हमखास गुण एवढाच की चादर पिवळी होते. सौ.नं पहिल्यांदा लेप लावला तेव्हा सतारमेकर म्हणाले, “वहिनी, या वयात पुन्हा हळद लागली!” ती म्हणाली, “नवरा तोच आहे, गुडघाच बदलायचाय.”

आता दोन मागण्या, म्हणजे हे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापायला आपल्याला निमित्त मिळेल. पहिली आपल्याकडे. आरोग्याच्या लेखाखाली सात दिवसांत बरं करणाऱ्याची जाहिरात घेऊ नका. घ्यायचीच असेल तर सिनेमाच्या पानावर घ्या, तिथे लोक खरं-खोटं धरत नाहीत.

दुसरी जिल्ह्यातल्या नाट्यसंस्थांकडे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, त्याच्या आगेमागे प्रयोगांची रेलचेल असते आणि प्रेक्षागृहात पांढरीच डोकी जास्त असतात, हे तिकीटविक्रीवाल्यांना ठाऊक आहे. अनेक नाट्यगृहांत पायऱ्या उतरत्या, अंधाऱ्या आणि कठड्याविना आहेत. कठडा बसवायला खर्च येतो, मंजुऱ्या लागतात, ते होईल तेव्हा होवो. पण दुसरी घंटा आणि तिसरी घंटा यांत आणखी पाच मिनिटं ठेवायला कुणाची मंजुरी लागत नाही. मध्यंतरातून परतताना आमचा निम्मा कट्टा अजून पायऱ्यांवर असतो, एकमेकांचे खांदे धरून, आणि पडदा वर जातो. दुसऱ्या अंकाचा पहिला विनोद आम्हाला पाठमोरे असतानाच ऐकू येतो. त्यावर हसायला थांबलं तर मागचा अंगावर येतो, म्हणून आम्ही हसत नाही, आणि नटाला वाटतं, आजचा प्रेक्षक मठ्ठ आहे.

आपला नियमित वाचक,
एक जुना प्रॉम्प्टर
गावभाग, सांगली